वाटाण्याचे रोप आणि कापसाचे बोंड

आज २८ ऑक्टोबर, जागतिक ॲनिमेशन दिन. १८९२ साली याच तारखेला पॅरिसमध्ये एमिल रेनो याने स्वतः रंगवलेली चित्रे पडद्यावर हलवून दाखवली. ल्युमिएर बंधूंच्या पहिल्या जाहीर खेळाला तेव्हा तीन वर्षे अवकाश होता. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओवाल्यांच्या या दिवसाशी वर्ध्याला काय देणेघेणे, असे कोणी विचारील. उत्तरासाठी आधी फाळक्यांकडे आणि मग आपल्याच गावाकडे पाहावे लागते.

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनमध्ये कॅमेरा खरेदी करून परतले, पण चित्रपटाला भांडवल नव्हते. नुसत्या बोलण्यावर पैसे कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्यावर रोखून ठेवला आणि दिवसामागून दिवस एकेक चित्र घेत राहिले. ती फीत लावली तेव्हा बी फुटून वेल वर चढताना मिनिटभरात दिसला आणि भांडवलाची वाट मोकळी झाली. १९१५ साली त्यांनी हीच युक्ती आगपेटीवर चालवली. काडी केसभर सरकवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. ‘आगकाड्यांची मौज’ आज पाहायला मिळत नाही, पण मराठी माणसाच्या ॲनिमेशनचा श्रीगणेशा झाला तो असा, घरातल्या वस्तूंवर.

पुढे १९३४ मध्ये ‘प्रभात’ने ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट काढून पाहिला. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटांचा विभाग निघाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत तयार झाले. १९७४ साली विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ केला. त्याचे ॲनिमेशन भीमसेन यांचे. जाळ्यात सापडलेल्या पाखरांची ती गोष्ट दूरदर्शनवर पाहून एक अख्खी पिढी एकीचा धडा शिकली. आपल्याकडे ही कला धंदा होण्याआधी शिक्षणाच्या अंगणात वाढली, ती अशी.

आता धंद्याचे दिवस आहेत. राज्य सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग वगैरेंसाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. गुंतवणूक यावी, रोजगार वाढावेत, याला कोणाची ना नाही. पण दुसऱ्याने रचलेल्या पात्रांत रंग भरून देणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. स्वतःची गोष्ट सांगणारे डोके घडवायचे तर सुरुवात शाळेतून व्हायला हवी.

आणि इथे वर्ध्याला बोलण्याचा हक्क पोचतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण, हे तिचे सूत्र. टकळीवर सूत काढता काढता मुलाने गणित शिकावे, भूगोल शिकावा, अशी ती नई तालीम. सिनेमाचे गांधीजींना वावडे होते, हे खरे. त्यांच्या नावावर ॲनिमेशन खपवण्याचे कारण नाही. तरी फाळक्यांची कुंडी पाहिली की वाटते, बी, माती, सवड आणि नजर एवढ्या सामग्रीतला तो पाठ सेवाग्रामच्या शाळेत सहज शोभला असता.

समजा, सेलूच्या किंवा हिंगणघाटच्या एखाद्या शाळेने पऱ्हाटीच्या झाडासमोर जुना मोबाइल पक्का बांधला आणि मुलांनी पाळीपाळीने तासातासाला एक फोटो घेतला. बोंड तडकते कसे, पाकळ्या मागे कशा वळतात, कापूस फुगून बाहेर कसा येतो, हे शेतात राबणाऱ्या बापानेही असे सलग पाहिलेले नसते. सेकंदाला बारा फोटो धरले तरी मिनिटाला सातशेवीस लागतात. एवढ्यात जीवशास्त्र येते, गुणाकार येतो आणि धीर धरणेही येते.

मुलांच्या हाती आणखी मोबाइल कशाला, ही पालकांची तक्रार रास्त आहे. पण तासन्‌तास रील पाहणे वेगळे आणि एका मिनिटासाठी सातशे फोटो जमवणे वेगळे. ज्याने एकदा स्वतः चित्र हलवून पाहिले, त्याला पडद्यावरचे प्रत्येक हलणारे चित्र कोणीतरी रचलेले आहे, हे कळते. यंत्र क्षणात हवे ते चित्र काढून देऊ लागले आहे, अशा काळात ही समज मोलाची आहे.

म्हणून सरकारने धोरणातल्या कोटींमधला थोडा वाटा जिल्हा परिषद शाळांमधल्या कलाशिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राखावा. शाळांनी मात्र त्यासाठी अडून राहू नये. दिवाळीची सुटी संपून वर्ग भरतील तेव्हा शिवारात बोंडे फुटतच असतील, आणि कापूस काही शासन निर्णयाची वाट पाहत थांबत नाही.