पुरीचा बेत आखताना समुद्रालाही विचारावे

सहलीचा बेत आखण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. प्रथम सुट्टी पाहायची, मग गाडीचे आरक्षण, त्यानंतर हॉटेल आणि सरतेशेवटी नुकत्याच जाऊन आलेल्या एखाद्या आप्ताकडून प्रेक्षणीय स्थळांची यादी. त्या यादीला दिवसांनी भागले की कार्यक्रम सिद्ध! थंड हवेच्या ठिकाणी हे गणित खपून जाते. ओडिशातील पुरीसारख्या समुद्रकाठच्या उष्ण नगरीला मात्र ते लागू पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे यजमान समुद्र आहे आणि त्याचे वेळापत्रक आपल्या रजेच्या अर्जावरून ठरत नाही.

पहिला प्रश्न ऋतूचा. मार्चअखेरची लेखाबंदी आटोपली आणि मुलांच्या परीक्षा संपल्या की आपल्या बँकेतील अनेक सहकारी ‘एलएफसी’चा विचार करू लागतात आणि बहुधा मे महिना मुक्रर होतो. ग्राहकांपैकीही शाळकरी मुले असणाऱ्या बहुतेकांची हीच अडचण असते, हे मान्य केले पाहिजे. पण मे महिन्यातील पुरी म्हणजे दुपारी अनवाणी पाऊल टेकू न देणारी वाळू आणि घाम वाळू न देणारी दमट हवा. शिवाय बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, एक मोसमी पावसाच्या आधी आणि दुसरा त्याच्या नंतर. ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ हे वादळ पुरीजवळच किनाऱ्यावर आदळले. त्याआधी प्रशासनाने दहा लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित स्थळी हलविले होते, म्हणूनच मनुष्यहानी पुष्कळ आटोक्यात राहिली. ऐन मे महिन्यात शहराची वीज, झाडे आणि छपरे एका दिवसात गेली.

मग दिवाळीची सुट्टी? तीही सर्वस्वी निर्धोक नाही. ओडिशाला उद्ध्वस्त करणारे महाचक्रीवादळ २९ ऑक्टोबर १९९९ रोजी आले, ‘फायलीन’ १२ ऑक्टोबर २०१३ रोजी आणि ‘दाना’ ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस. म्हणून दिवाळीत जाऊच नये असे नाही. त्या दिवसांतले हॉटेलचे आरक्षण रद्द करता येण्याजोगे असावे आणि निघण्यापूर्वीच्या आठवड्यात हवामान खात्याचे अंदाज रोज पाहावेत, एवढी दक्षता पुरे. ज्यांना निवड करणे शक्य आहे, विशेषतः निवृत्त ग्राहकांनी, डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ साधावा. हवा सुखद असते, चिलिका सरोवरात दूरदेशीचे पक्षी उतरलेले असतात आणि वृद्ध आईवडिलांना किनाऱ्यावर दोन तास बसविता येते. मत्स्यप्रेमींसाठी आणखी एक मुद्दा असा की, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती जून-जुलैत असते, त्यामुळे मे महिन्यात ताज्या मासळीच्या आशेने निघालेल्या कोकणी माणसाची तेथे निराशा होण्याचा संभव अधिक.

घड्याळाचेही थोडे भान ठेवावे लागते. पुरी आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, परंतु रेखांशात सुमारे तेरा अंशांचे अंतर आहे. घड्याळ मात्र देशभर एकच! परिणामी पुरीला मुंबईच्या सुमारे पन्नास मिनिटे आधी उजाडते आणि तितकेच आधी मावळते. डिसेंबरात पाच वाजून गेल्यावर थोड्याच वेळात सूर्यास्त होतो. ‘दुपारी विश्रांती घेऊन साडेपाचला समुद्रावर जाऊ’ असे ठरविणाऱ्या मुंबईकराच्या हाती केवळ अंधार लागतो. उलट जो सहाला उठेल, त्याला कोकणात कधीच न दिसणारे दृश्य दिसते. तेथे सूर्य समुद्रातून वर येतो.

आता मुख्य मुद्दा, आणि या लेखाचे प्रयोजनही तेच. आपल्यापैकी बहुतेकांची समुद्रस्नानाची कल्पना अलिबाग, काशीद, गणपतीपुळे येथे घडलेली असते. यांतील काही ठिकाणेही फसवी आहेतच, पण पुरीचा समुद्र निराळा आहे. तेथे किनारा चटकन खोल होतो आणि लाट अगदी काठाशी येऊन कोसळते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला धट्टाकट्टा माणूसही पायाखालची वाळू सरकताच आडवा होतो. त्याहून घातक असतो तो परतीचा प्रवाह. लाटांनी काठावर लोटलेले पाणी वाळूच्या बांधातील फटीतून वेगाने मागे फिरते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्याला तेच पाणी शांत वाटते आणि मुलांना घेऊन तो नेमका तेथेच उतरतो. अशा प्रवाहात सापडल्यास काठाच्या दिशेने झगडू नये, कारण दमछाक होते आणि दमछाकच जीव घेते. काठाला समांतर पोहत जावे आणि ओढ कमी झाली की तिरके परतावे. पोहता येत नसेल तर अंग पाण्यावर तरंगते ठेवून हात वर करावा. काठावरच्या आप्तेष्टांनी वाचविण्यासाठी आंधळेपणाने उडी घेऊ नये. तरंगणारे काही फेकावे, जीवरक्षकाला हाक द्यावी. एकाला वाचवावयास गेलेला दुसराही बुडाल्याच्या वार्ता आपण दर सुट्टीत वाचतो.

पुरीला यासाठी एक जुनी व्यवस्था आहे. नुलिया हे आंध्र किनाऱ्यावरून येऊन तेथे स्थायिक झालेले तेलुगुभाषक कोळी. मासेमारीबरोबरच यात्रेकरूंना हात धरून स्नान घडविणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. डोक्यावरच्या शंकूच्या आकाराच्या टोपीवरून ते पूर्वी दुरूनही ओळखू येत. या माणसाच्या मेहनतान्यावरून घासाघीस करणारे पर्यटक पाहिले म्हणजे मला खेद होतो. हॉटेलच्या खोलीसाठी हजारो रुपये बिनतक्रार मोजणारे आपण, ज्याच्या मनगटाच्या भरवशावर मुलाला लाटेत सोडतो त्याच्याशी थोडक्या रकमेसाठी वाद घालतो! नुलियाचा खर्च अंदाजपत्रकात प्रवासभाड्याइतकाच ठळकपणे लिहावा आणि तो सोबत नसेल तर घोट्यावर पाणी चढू देऊ नये. ज्याला २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे मानांकन मिळाले, तो गोल्डन बीचचा पट्टा स्वच्छ आणि देखरेखीखालचा आहे. लहान मुले असल्यास तोच निवडावा, परंतु मानांकनाने लाटेचा जोर कमी होत नाही.

देवदर्शनाचे नियोजनही तिथी पाहूनच करावे. ज्येष्ठ पौर्णिमेच्या स्नानयात्रेनंतर सुमारे पंधरवडाभर जगन्नाथाचे दर्शन बंद असते. आषाढ शुद्ध द्वितीयेला रथयात्रा निघते आणि मूर्ती गुंडिचा मंदिरात जातात. हे ठाऊक नसल्याने दूरवरून आलेली कुटुंबे हिरमुसून परततात. मोबाइल व चामड्याच्या वस्तू आत नेता येत नाहीत, हेही आधीच जाणून असावे. सिंहद्वारासमोर जो उंच अरुणस्तंभ आहे, त्यापाशी मराठी माणसाने क्षणभर थांबावे. तो मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिरातला. अठराव्या शतकात, नागपूरकर भोसल्यांचा अंमल ओडिशावर असताना, तो येथे आणून उभारण्यात आला. १७५१ ते १८०३ अशी सुमारे पन्नास वर्षे या प्रांताचा आणि नागपूरचा संबंध होता. आपल्याकडील पर्यटक पादत्राणे कोठे ठेवावीत या चिंतेत त्याच्याजवळून निघून जातात.

स्थळांच्या यादीविषयी माझा आग्रह एवढाच की, ती छाटावी. कोणार्क पस्तीस किलोमीटरवर आहे, त्याला एक दिवस द्यावा. सातपाडा येथून चिलिकात नौकेने जाऊन इरावदी डॉल्फिन दिसतात का ते पाहण्यासाठी दुसरा. उरलेले दोन दिवस कोरे ठेवावेत. सकाळी सातला गाडीत बसवून रात्री नऊला उतरविणाऱ्या सहलींत ज्येष्ठांचे गुडघे आणि मुलांचे उत्साह दोन्ही संपतात, आणि ज्या समुद्रासाठी एवढा प्रवास केला, तो खिडकीतूनच पाहावा लागतो.

पैशांविषयी बँकेच्या मासिकात न लिहिणे अप्रशस्त ठरेल. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुले होते. त्यामुळे निर्णयाला पूर्वीइतका अवधी मिळत नाही, पण रक्कम जमविण्यास मात्र वर्षभर मिळते. बारा महिन्यांची आवर्ती ठेव सहलीच्या महिन्याआधी परिपक्व होईल अशी उघडली, तर क्रेडिट कार्डाच्या देयकाने परतीनंतरचा महिना कडू होत नाही. हॉटेल निवडताना अधिक सावध राहावे. पुरीसारख्या गर्दीच्या तीर्थक्षेत्री नामांकित हॉटेलांच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार घडले आहेत. संकेतस्थळावरील क्रमांकावर विसंबू नये. हॉटेलचा क्रमांक अन्य मार्गाने पडताळून बोलावे आणि व्यक्तीच्या खाजगी खात्यावर पैसे मागितले तर तेथेच थांबावे. फसवणूक झालीच तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व आपल्या शाखेला कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम गोठविली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

आणि एक. परतीची गाडी शक्यतो सायंकाळची घ्यावी व सामान आदल्या रात्रीच बांधून ठेवावे. शेवटच्या दिवशी भल्या सकाळी पेंटाकोटाच्या कोळीवाड्याकडे चालत गेल्यास होड्या वाळूवर ओढून घेणारी माणसे आणि उलगडली जाणारी जाळी पाहावयास मिळतात. छायाचित्र काढण्यापूर्वी मात्र त्यांना विचारावे. ती त्यांच्या कामाची वेळ असते.