रोपावरचा ‘झोन’ आणि गोंदियाचा मे महिना

पावसाळा सुरू झाला की रोपवाटिकांत गर्दी होते. अँथुरियम, अ‍ॅग्लोनिमा, रंगीत क्रोटनच्या कुंड्या घरोघरी जातात. ऑनलाइन रोप मागवले, तर त्याच्या माहितीत बऱ्याचदा ‘झोन १० ते ११’ असेही लिहिलेले असते. ‘आपण उष्ण प्रदेशातले, म्हणजे रोप जगणारच’ असे समजून आपण पैसे मोजतो. इथेच फसगत होते.

हे झोन अमेरिकेच्या कृषी खात्याने ठरवलेले आहेत. हिवाळ्यातले वर्षातील सर्वांत कमी तापमान सरासरी किती, एवढ्यावरच त्या नकाशाचे १३ विभाग पडतात. तिथे बर्फाने झाडे मरतात, म्हणून मोजमाप थंडीचे. उन्हाळा, हवेतील ओलावा, पाऊस यांचा त्यात हिशेबच नाही.

गोंदियाचा पारा थंडीच्या लाटेत ७-८ अंशांपर्यंत उतरतो. त्या हिशेबाने आपण साधारण अकराव्या झोनमध्ये, म्हणजे फ्लोरिडातील मायामी शहराच्या पंक्तीत बसतो. पण मे महिन्यात मायामीचे कमाल तापमान ३०-३१ अंश असते आणि हवा दमट. आपल्याकडे तेव्हा पारा ४२ ते ४५ अंशांवर आणि वारा कोरडा. अशा हवेत पाणी वाचवण्यासाठी पान आपली छिद्रे मिटून घेते. मग बाष्प बाहेर पडत नाही, पान थंड होत नाही आणि कडेने करपू लागते. नुसते पाणी ओतून हे थांबत नाही. उलट कुंडीत मुळे कुजतात, आणि ऐन टंचाईत पाणीही वाया जाते.

हिवाळ्यातही अकरावा झोन ही हमी नव्हे. अ‍ॅग्लोनिमासारखी रोपे बर्फ न पडताही १० अंशांखाली पाने गाळतात.

शेतीसाठी महाराष्ट्राचे नऊ कृषी-हवामान विभाग केव्हाच झाले आहेत. पूर्व विदर्भासाठी सिंदेवाहीला संशोधन केंद्रही आहे. धानाचे वाण आपण आपली हवा पाहून निवडतो, मग शोभेच्या रोपासाठी अमेरिकेचा नकाशा कशाला? कृषी विद्यापीठाने शोभेच्या झाडांचीही विभागवार यादी द्यावी आणि ‘मे महिन्यात सावली हवी’, ‘१० अंशांखाली घरात घ्या’ असे रोपवाटिकांनी मराठीत लिहावे.

तोवर ग्राहकाने एकच प्रश्न विचारावा : हे रोप इथल्या उघड्यावर एक मे महिना काढून उरले आहे का? बोगनवेल, पांढरा चाफा, कण्हेर ही परीक्षा पास झालेली आहेत. कण्हेर विषारी असल्याने मुले आणि गुरांपासून दूर लावावी. अंगण मोठे असेल तर बहावा लावा. तो ऐन उन्हाळ्यातच फुलतो. अँथुरियमची हौस असेल, तर पूर्वेची बाजू, हिरवी जाळी आणि सकाळचे पाणी यांची तयारी आधी करावी, खरेदी नंतर.