फास्टर फेणे दिसतो तरी कसा?

बालमित्रांनो, फुरसुंगीच्या बनेश फेणेला ओळखता ना? अहो, तोच, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे! किडकिडीत अंगाचा, सायकलवर सुसाट सुटणारा आणि जीभ टाळ्याला लावून 'ट्टॉक' करणारा. त्याची एक नाही, दोन नाही, तब्बल वीस पुस्तकं आहेत. 'प्रतापगडावर फास्टर फेणे' तर शाळेच्या पुस्तकपेटीत सापडेलच. नसेल तर गुरुजींच्या मागे लागा.

आता मला सांगा, या फेणेचं काम कुणी करावं? हा वाद नवा नाही बरं का! 1980च्या दशकात दूरदर्शनवर फास्टर फेणेची मालिका लागायची. त्यात सुमीत राघवन फेणे झाला होता आणि तोही तेव्हा कुमारवयाचाच होता. तुमच्या आईबाबांच्या किंवा काका-मामांच्या डोळ्यांसमोर अजून तोच असेल. मग 2017 साली आदित्य सरपोतदारांचा सिनेमा आला. त्यात फेणे झाला अमेय वाघ, वय सुमारे तीस! झालं, जुने वाचक कुरकुरायला लागले. आमच्या वर्गातल्या एकानं तर तो सिनेमा टीव्हीवर पाहून मला अहिराणीतच सुनावलं, "बाई, हाऊ ते मोठा माणूस शे!"

खरंच आहे त्याचं. पुस्तकातला बन्या शाळेत जातो. सिनेमातला मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला येतो. अमेय वाघची धडपड, भिरभिरती नजर मला आवडली. पण मला विचाराल तर फेणेच्या गमतीचं गुपित त्याच्या वयात आहे. मोठ्या माणसानं चोर पकडला तर त्यात काय नवल? अर्ध्या चड्डीतल्या पोरानं पकडला तर मजा!

त्याच सिनेमात दिलीप प्रभावळकर चक्क लेखक भागवत झाले आहेत. हेच प्रभावळकर 1970च्या दशकात दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचे चिमणराव होते. चिमणराव म्हटलं की लोकांना तेच आठवतात. पण त्यांच्याही कितीतरी आधी, 1940च्या 'लग्न पहावे करून' या सिनेमात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते. तेव्हाच्या आजोबांना विचारलं असतं, तर त्यांनी दामुअण्णांचंच नाव घेतलं असतं!

तिकडे हॅरी पॉटरचं पाहा. पुस्तकात त्याचे डोळे हिरवे, अगदी आईसारखे. सिनेमात डॅनियल रॅडक्लिफचे मात्र निळे. हिरव्या लेन्स लावून पाहिल्या, पण त्याच्या डोळ्यांना त्या सोसेनात. शेवटी निळेच राहिले. आणि वाचक? ते अजून कुरकुरतात. 2025 साली नव्या मालिकेसाठी नवा हॅरी निवडला, डॉमिनिक मॅकलॉघ्लिन. आता त्याच्यावरून पुन्हा चर्चा!

यंदा आमच्या चौथीनं स्नेहसंमेलनात फेणेची एक गोष्ट बसवायचं ठरवलं. फेणे कोण? सगळे हात वर झाले ते एकाच मुलासाठी. गोरा, गुबगुबीत, दरवर्षी नाचात पहिल्या रांगेत. मागच्या बाकावर सातपुड्याच्या पायथ्याचा एक पावरा मुलगा बसतो. काडीसारखा बारीक, आणि पळायला लागला की हाती लागत नाही. त्यानंही हळूच हात वर केला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "हिरो कुठं असा काळा असतो का?" वर्ग हसला. त्याचा हात खाली आला.

मी त्याला काही बोलले नाही आणि वर्गालाही नाही. पुस्तक उघडलं आणि म्हटलं, आता लेखकालाच विचारू. फेणे कसा आहे ते गोष्टीत शोधायचं, सापडेल ते फळ्यावर लिहायचं. दोन तास गेले. गणित राहिलं! फळ्यावर आलं: बारीक, चपळ, सायकल, नको तिथं नाक खुपसतो, घाबरतो पण थांबत नाही. गोरेपणाची अट त्या गोष्टीत काही सापडेना. मग तीच यादी घेऊन सगळ्यांची परीक्षा घेतली. पटांगणाला एक फेरी आणि शेवटी दम लागलेला असताना 'ट्टॉक'! आमच्या पावरा दोस्ताचा 'ट्टॉक' मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत ऐकू गेला. ते बाहेर येऊन बघायला लागले.

पालकहो, एक तुम्हाला विचारते. संमेलनात राजा, राम, कृष्ण यांच्यासाठी आपण कोणती मुलं पुढं करतो? आणि भालदार, राक्षस, झाड यांच्यासाठी? कृष्ण तर नावानंच सावळा, तरी त्याच्या गालाला पावडर थापतो आपण!

तर आमचा फेणे ठरला. तो गोरा मुलगा चोर झालाय आणि भलताच खूश आहे, कारण चोराला मिशी आहे. एका मुलीनं विचारलंय की पुढच्या वर्षी ती फेणे झाली तर चालेल का. यादीत मुलगाच हवा असं कुठं लिहिलंय, हा तिचा मुद्दा. उत्तर मी अजून दिलेलं नाही, तुम्ही काय द्याल?

सायकलचा प्रश्न मात्र राहिलाय. स्टेज लहान आणि सायकलचे ब्रेक लागत नाहीत. पुढच्या रांगेत पाहुणे बसणार आहेत!