डाव लिहिताना समोरच्यालाही खेळू द्या

तुमच्या वहीत एखादा मूव्हसेट, म्हणजे एका पात्राच्या सगळ्या डावांची यादी, अर्धवट पडला असेल, तर ते पान फाडू नका. त्यातलं बरंच काही वाचवता येतं.

सुपर स्मॅश ब्रदर्स खेळणाऱ्यांना ही हौस कधी ना कधी लागतेच. आपलं आवडतं पात्र गेममध्ये नाही, मग त्याचे डाव आपणच लिहू. हौस चांगली आहे. तिला पैसे लागत नाहीत. वही, पेन्सिल आणि एक निवांत दुपार पुरते.

पण बहुतेक जण सुरुवात करतात ती सर्वांत भपकेदार डावापासून. आकाश फाटतं, स्फोट होतो, समोरचा नाहीसा होतो. असे चार-पाच डाव पटापट लिहून होतात. मग साधा ठोसा कसा असेल, हवेतून मागे लाथ कशी मारेल, हे प्रश्न येतात आणि हात थांबतो. वही कपाटात जाते.

तसं होऊ नये म्हणून हे सांगणं आहे.

आधी घरातल्या थोरांसाठी दोन शब्द. हा गेम निन्टेन्डोचा. पहिला भाग जपानमध्ये 21 जानेवारी 1999 रोजी आला. मासाहिरो साकुराई यांनी तो घडवला. इतर मारामारीच्या गेममध्ये पात्राची ताकद कमी कमी होत जाते. इथे उलट आहे. मार बसला की टक्के वाढतात. टक्के जितके जास्त, तितकं पात्र लांब उडतं. पडद्याच्या बाहेर गेलं की एक जीव गेला. म्हणजे इथे दोन गोष्टी यायला हव्यात. समोरच्याला बाहेर ढकलणं आणि स्वतः बाहेर फेकलं गेल्यावर परत येणं.

तुमचं मूल वहीत असं काही लिहीत बसलं असेल, तर त्याला रिकामटेकडं म्हणू नका. एक पात्र पूर्ण करायला किती विचार लागतो, हे पुढे वाचलं की कळेल. फक्त झोपेची वेळ मोडू देऊ नका. रात्री जागून सुचलेले डाव सकाळी फारसे टिकत नाहीत.

आता कामाला लागू. उदाहरणासाठी मारिओच्या गेममधला वालुईजी घेऊ. त्याच्या चाहत्यांची मागणी जुनी आहे आणि 2018 च्या सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेटमध्येही त्याला खेळाडू म्हणून जागा मिळाली नाही. त्या गेममध्ये शेवटचं पात्र सोरा 2021 मध्ये आलं, तेव्हा पात्रांची संख्या 89 झाली. वालुईजी मात्र मदतनीसच राहिला. तो येतो, समोरच्याला पायाने तुडवतो, टेनिसच्या रॅकेटने फटकावतो आणि निघून जातो.

सगळ्यात आधी त्याची माहिती गोळा करा. तो कुठून आला? काय करतो? त्याच्या हातात काय असतं? वालुईजी पहिल्यांदा दिसला 2000 च्या मारिओ टेनिसमध्ये. त्याच्या नावाचा स्वतंत्र मोठा गेम आजवर निघालेला नाही. त्याचं आयुष्य टेनिस, शर्यती, फुटबॉल आणि पार्टीचे खेळ यांतच गेलं. हे कमी वाटतं, पण पुरेसं आहे. मारिओ पॉवर टेनिसमध्ये तो हवेत चक्क पोहत चेंडूपर्यंत जातो. मारिओ कार्टच्या डबल डॅशमध्ये वारिओसोबत त्याच्या वाट्याला बॉम्ब येतो. 2007 च्या फुटबॉलच्या गेममध्ये तो मैदानात काटेरी भिंत उभी करतो. रॅकेट, बॉम्ब, काटे आणि हवेत पोहणं. चार स्पेशल डाव इथेच मिळाले.

माहिती फारच कमी असली तरी घाबरू नका. कॅप्टन फाल्कन 1990 च्या एफ-झीरोमधला शर्यतीचा चालक आहे. त्या गेममध्ये तो गाडीतून उतरून कुणाला ठोसा मारत नाही. त्याचा तो प्रसिद्ध आगीचा ठोसा स्मॅशसाठीच रचला गेला. ॲनिमल क्रॉसिंगमधला व्हिलेजर तर गावात राहणारा साधा माणूस. स्मॅशच्या ब्रॉल या भागाच्या वेळी तो मारामारीला योग्य नाही म्हणून बाजूला ठेवला होता. नंतर 2014 मध्ये तो आला आणि त्याच्या रोजच्या कामांचेच डाव झाले. तो रोप लावतो, पाणी घालतो, वाढलेलं झाड कुऱ्हाडीने पाडतो. कुणी काही फेकलं तर उचलून खिशात ठेवतो. तुमचं पात्र शांत स्वभावाचं असेल, तर त्याच्या हातात उगाच तलवार देऊ नका. ते दिवसभर काय करतं, ते बघा.

माहिती जमली की वहीच्या वरच्या बाजूला दोन वाक्यं लिहा. हा कसा जिंकतो? हा कसा हरतो?

दुसरं वाक्य टाळू नका. बहुतेक वह्यांमध्ये नेमकं तेच नसतं. आपलं लाडकं पात्र हरताना बघायला मन तयार होत नाही, हे मी समजू शकते. पण उणीव नसलेलं पात्र खेळायला लवकर कंटाळवाणं होतं. लिटल मॅक बघा. हा मुष्टियोद्धा जमिनीवर भारी आहे. हवेत त्याचे हातपाय मुद्दाम दुबळे ठेवले आहेत. म्हणून त्याच्याशी खेळणारा प्रत्येक जण त्याला वर उडवायला बघतो आणि लढतीत रंगत येते.

वालुईजीसाठी मी असं लिहीन. हातपाय लांब, म्हणून तो दुरून फटकावून जिंकतो. अंग काटकुळं, म्हणून हलका. कुणी अंगाला येऊन भिडलं की त्याचे लांब हात अडचणीचे ठरतात.

वजनाचा अंदाज हवा असेल, तर ठाऊक असलेल्या पात्रांशी ताडून बघा. अल्टिमेटमध्ये मारिओचं वजन 98 आहे. बाउझर 135 वर, सगळ्यात जड. पिचू 62 वर, सगळ्यात हलका. वालुईजी मारिओच्या थोडा खाली बसवा. दशांश चिन्हं लिहीत बसू नका. खेळून पाहण्याआधी अशा आकड्यांना अर्थ नसतो.

मग परत येण्याचा डाव ठरवा. हो, तोच आधी. पात्र कडेबाहेर पडलं आणि परत येऊच शकलं नाही, तर बाकीचे सगळे डाव वाया. वालुईजीला हवेत पोहू द्या. तिरकस, बरंच लांब. पण पोहताना त्याने कुणाला इजा करू नये. म्हणजे कडेवर उभ्या असलेल्याला त्याला अडवण्याची संधी राहते.

आता बाकीची पानं भरा. साधा ठोसा एक. धावता फटका एक. पुढे, वर, खाली असे हलके फटके तीन. त्याच तीन दिशांचे जोरदार स्मॅश. हवेतले पाच. स्पेशल चार. एक पकड आणि पकडीतून चार फेकी. सगळे मिळून बावीस. दमू नका. एका बैठकीत चार-पाच लिहा आणि उठा.

प्रत्येक डावापुढे तीन गोष्टी लिहा. किती पटकन सुरू होतो? कुठवर पोहोचतो? चुकला तर काय?

पटकन म्हणजे किती, याचा अंदाज असा. हा गेम सेकंदाला 60 चित्रं दाखवतो. मारिओचा पहिला ठोसा दुसऱ्याच चित्रात लागतो. कॅप्टन फाल्कनचा आगीचा ठोसा लागायला सेकंदाच्या आसपास वेळ जातो. त्या वेळात समोरचा सावध होतो आणि पळतो. म्हणूनच तो ठोसा इतका जबर ठेवता आला.

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. जिगलीपफ आठवा. गोल, गुलाबी, फुग्यासारखी हलकी. तिचा झोपेचा डाव अंगाला चिकटून टाकला तर समोरचा क्षणात बाहेर उडतो. पण नेम चुकला तर ती काही सेकंद तिथेच झोपून राहते आणि समोरचा सावकाश येऊन हवा तो फटका मारतो. हा डाव टाकताना खेळणाऱ्याची छाती धडधडते. बघणाऱ्यांचीही. चुकण्याची किंमत काढून टाका, ती धडधड गेली.

साकुराई यांनी 2022 ते 2024 या काळात यूट्यूबवर गेम कसे घडतात यावर छोटे व्हिडिओ केले. धोका आणि त्यातून मिळणारा लाभ हा त्यांचा आवडता विषय आहे. जेवताना दुसरं काही बघण्यापेक्षा त्यातले दोन-चार बघा.

समोरच्याचा विचार का करायचा? कारण तोही तुमच्यासारखाच खेळायला बसला आहे. त्याला काही करताच आलं नाही, तर तो कंट्रोलर खाली ठेवून उठतो. मग तुम्ही कुणाशी खेळणार? मोठ्या स्पर्धांनाही हे चुकलं नाही. ब्रॉलमधला मेटा नाइट इतका वरचढ होता की काही आयोजकांनी त्याच्यावर बंदी घातली. ऑगस्ट 2018 मध्ये लास व्हेगासच्या इव्हो या मारामारीच्या गेमच्या स्पर्धेत अंतिम फेरीला दोन्ही खेळाडूंनी बेयोनेटा हेच पात्र घेतलं आणि प्रेक्षकांनी आरडाओरडा करून नाराजी दाखवली. खेळाडू पट्टीचे होते. पात्राने लढतीतला जीव काढून घेतला होता.

म्हणून वालुईजीच्या रॅकेटच्या डावात समोरच्याला वाटा द्या. त्याने चेंडू मारला की समोरच्याला तो परतवता यावा. वालुईजीनेही पुन्हा मारावा. प्रत्येक फटक्यासरशी चेंडूचा वेग वाढावा. शेवटी ज्याचा नेम चुकेल त्याला तो लागावा. ही नुसती कल्पना नाही. स्मॅशमधला किंग डेडेडी जो काटेरी गोळा फेकतो, तो फटका मारून परतवता येतोच. बॉम्बचंही तसंच करा. वात संपेपर्यंत कुणालाही उचलता यावा. काटेरी भिंत एका वेळी एकच असावी आणि दोन-तीन फटक्यांत मोडावी. अशा भिंती चार उभ्या राहिल्या तर मैदानात चालायलाच जागा उरणार नाही.

अंतिम महाफटका (फायनल स्मॅश) या बावीसांच्या बाहेरचा, तो अगदी शेवटी लिहा. दोन ओळी पुरेत. तो क्वचितच वापरला जातो.

वेशभूषा आणि हावभाव लिहिताना मात्र थांबून विचार करा. अल्टिमेट येण्याआधी मिस्टर गेम अँड वॉचच्या एका डावात त्याच्या डोक्यावर पीस दिसत होतं. ते 1982 च्या जुन्या खेळावरून आलं होतं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची ती थट्टा आहे, अशी तक्रार झाली. निन्टेन्डोने माफी मागितली आणि ते पीस काढलं. एवढ्या अनुभवी लोकांच्या नजरेतूनही असं सुटतं. कुठल्या समाजाचा पेहराव, देव किंवा दुःख तुमच्या विनोदाचं साधन तर होत नाही ना, हे तपासा.

काही गोष्टी जपून करा.

दुसऱ्याने काढलेलं चित्र घेतलं, तर त्याचं नाव लिहा. विचारता येत असेल तर आधी विचारा. चित्र काढता येत नसेल, तर काड्यांची माणसं काढा. डाव समजला की झालं.

वालुईजी निन्टेन्डोचा आहे. त्याचे डाव लिहून मित्रांना दाखवणं वेगळं आणि ते छापून विकणं वेगळं. विकायला जाऊ नका.

वही कंपनीला पाठवू नका. गेम कंपन्या बाहेरच्या कल्पना सहसा उघडूनही बघत नाहीत. निन्टेन्डोने 2015 मध्ये कोणतं पात्र हवं यासाठी स्वतः मतं मागवली होती. ती मुदत त्याच वर्षी संपली. साकुराई यांना थेट मागण्या पाठवू नयेत, असं त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. ज्या माणसाचं काम आपल्याला आवडतं, त्याचं एवढं ऐकायलाच हवं.

तुमचं पात्र पडद्यावर हलताना बघायचं असेल, तर सरळ वाट आहे. रायव्हल्स ऑफ इथर हा याच जातीचा गेम. त्याच्या संगणकावरच्या आवृत्तीत लोकांनी बनवलेली पात्रं घालायची सोय गेम बनवणाऱ्यांनीच दिली आहे. थोडं प्रोग्रामिंग शिकावं लागेल, पण ते पुढेही उपयोगी पडेल. तिथेही स्वतःचं नवं पात्र केलंत तर उत्तम. घरातला महागडा कन्सोल मात्र उघडून त्यात अनोळखी ठिकाणची फाइल घालू नका. कन्सोल बंद पडू शकतो, खातं गोठू शकतं आणि आईवडिलांनी साठवलेले पैसे जातात.

शेवटी वही पारखून घ्या. एखादा मित्र किंवा धाकटी बहीण बोलवा. तुम्ही वालुईजी व्हा. तिला मारिओ होऊ द्या. तुम्ही डाव वाचा आणि तिला विचारा, "आता तू काय करशील?" ती म्हणेल, उडी मारते. म्हणेल, ढाल धरते. म्हणेल, काही करताच येत नाही. जिथे ती असं म्हणेल, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि वाद न घालता पुढे जा. दुसऱ्या दिवशी फक्त त्या खुणांवर बसा. नवीन डाव जोडू नका. एखादा मंद करा, एखादा आखूड करा, एखादा काढून टाका. मग तिला पुन्हा बोलवा. या वेळी वालुईजी तिला द्या आणि मारिओ तुम्ही घ्या.