तज्ज्ञाला चुकीचं चित्र दाखवा

१६५९ मध्ये कल्याण-भिवंडीच्या खाडीत शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजं बांधली जात होती. त्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते आणि त्यांचा म्होरक्या होता रुई लैतांव व्हिएगस. वसईच्या पोर्तुगीज कप्तानानं त्यांना फितवलं, तसे ते काम टाकून निघून गेले. आरमार मात्र थांबलं नाही, वाढतच गेलं. कल्याणच्या सुतारांनी त्या पोर्तुगीजांकडून नियमांची वही मागून घेतली नसणार. शेजारी उभं राहून हात पाहिले असणार, असं मला वाटतं.

आज जहाजाच्या पंख्याचं, म्हणजे प्रॉपेलरचं, डिझाइन संगणक करतो. वागेनिंगेनच्या बी-मालिकेचे, म्हणजे चाचणी घेतलेल्या पंख्यांचे, तक्ते त्याच्या पोटात आहेत. व्यास, पिच, पात्यांची संख्या तो चुटकीसरशी देतो. पण व्यास वाढवला की कार्यक्षमता वाढते आणि पात्याचं टोक जहाजाच्या बुडाजवळ जाऊन सगळा सांगाडा थरथरतो. पाती रुंद केली की कॅव्हिटेशन, म्हणजे पात्यांवर बुडबुडे उठणं, आटोक्यात येतं, पण घर्षण वाढतं. कुठं किती सोडायचं, हे मुरलेला माणूस ठरवतो. काही पंखे तर पाण्याखाली चक्क गातात! मागच्या कडेवरून सुटणारे भोवरे पात्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळले की सूर लागतो. उपाय एवढाच, की ती कड तिरकी तासायची. कुठं आणि किती, हे त्या मुरलेल्या माणसाचा हात जाणतो.

हे ज्ञान यंत्रात भरायचा खटाटोप १९८०च्या दशकात गाजलेल्या ‘एक्स्पर्ट सिस्टिम’पासून चालू आहे. अडचण ठरलेली. ‘तुमचे नियम सांगा’ म्हटलं की तज्ज्ञ पुस्तकातलेच नियम सांगतो. खोटं बोलत नाही बिचारा; खरे नियम त्यालाही शब्दांत ठाऊक नसतात. म्हणून त्याच्यापुढे मुद्दाम बिघडवलेलं डिझाइन ठेवावं आणि त्याला मनसोक्त शिव्या घालू द्याव्यात. शिव्या घालताना माणूस कारणं सांगतो. ती टिपून घ्यावीत. नाकारलेली डिझाइनंही कारणांसकट जपावीत. आपण फक्त शेवटचं मंजूर चित्र साठवतो आणि सगळा शहाणपणा कचऱ्यात जातो.

आपली रीत उलटी. वागळे इस्टेट असो की डोंबिवली एमआयडीसी, निवृत्तीला शाल-श्रीफळ, आणि पुढच्याच आठवड्यात फोन : ‘साहेब, ते कसं करायचे तुम्ही?’ सॉफ्टवेअरच्या परवान्याला दरवर्षी पैसे मोजणाऱ्या कंपन्यांनी त्याच अंदाजपत्रकात या साहेबांचं मानधन धरावं, तेही ते नोकरीत असतानाच. आणि टिपलेल्या प्रत्येक नियमापुढे त्यांचं नाव लिहावं.

– खाडीकर