डावे काय नि उजवे काय!

“माणूस चांगला असला म्हणजे कुठेही उभा करा, काम करतोच!” हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारले तो कोणाचा तरी वरिष्ठ असला पाहिजे. ज्याला उभे करतात त्याच्या तोंडून ते मी अद्याप ऐकलेले नाही. शाळेच्या वेळापत्रकात त्याची नि माझी दरवर्षी गाठ पडते. गणिताचे मास्तर रजेवर गेले की चित्रकलेच्या मास्तरांच्या हाती खडू देऊन त्यांना त्या वर्गावर धाडतात; पोरे गप्प बसली की गणित शिकवून झाले! पण आज मला भांडायचे आहे ते शाळेशी नव्हे. सातासमुद्रापलीकडे, अमेरिकन फुटबॉलमध्ये, हेच वाक्य तरण्याबांड माणसांच्या पोटावर पाय देत आले आहे. दिवाळीच्या सुमारास तिकडे त्या खेळाचा मोसम ऐन भरात असतो. ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत त्यांच्या कानांवर रविवारी त्याचा गलबला येतच असेल.

त्याला फुटबॉल म्हणतात खरे, पण चेंडू बहुतेक वेळ हातातच. एका बाजूला अकरा गडी. त्यांचा म्होरक्या क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हाती येतो आणि तो फेकायला मोकळा गडी शोधतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गड्यांची भिंत. त्या भिंतीच्या दोन टोकांना दोन टॅकल, एक डावा, एक उजवा. आपल्या कबड्डीतले दोन कोपरेच म्हणा ना. फक्त यांचे काम धरण्याचे नाही, अडवण्याचे. यांच्या हाताला चेंडू सहसा लागत नाही, आणि यांचे नाव पुकारले जाते ते बहुधा चूक झाली तरच.

उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक पवित्रा घेतो तेव्हा डावी बाजू त्याच्या नजरेआड जाते. तिकडून येणारा हल्ला त्याला दिसत नाही. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनच्या जो थाइजमनला गाठले, त्याच्या पायाची हाडे मोडली, आणि थाइजमन पुन्हा कधी खेळला नाही. साऱ्या देशाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले. पुढे डाव्या टॅकलचा भाव चढला आणि उजवा बिचारा धाकट्या जावेसारखा मागे राहिला. म्हणून प्रशिक्षक सर्रास म्हणू लागले, “डावीकडे नाही ना जमत? घाला उजवीकडे!” उजवीकडे जणू काही शिकायचेच नसते!

आता शिकायचे काय असते ते पाहा. डावा टॅकल डावा पाय मागे ठेवून उभा राहतो. चेंडू सुटताच डाव्या पायाने मागे सरकायचे, उजव्याने रेटा द्यायचा, डाव्या हाताने बाहेरून येणाऱ्याला थोपवायचे, उजव्याने आतली वाट बंद करायची. सगळा मामला अडीच-तीन सेकंदांचा. विचाराला सवड नाही, जे करायचे ते अंगवळणी पडलेल्या अंगानेच. बाजू बदलली की रेटा देणारा पाय सरकणारा होतो, सरकणारा रेटणारा होतो, नजर आणि मान उलट्या दिशेला वळवावी लागते. “आरशातल्यासारखे सगळे उलट करायचे, त्यात काय!” असे म्हणणाऱ्या गृहिणीने उद्या पहाटे अंगणात डाव्या हाताने रांगोळी घालून पाहावी. आणि ती घालत असताना सव्वाशे किलोचा एक गडी समोरून धावून येतो आहे अशी कल्पना करावी.

शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. डावीकडे जुंपायचा बैल तो होता होईतो उजवीकडे जुंपत नाही. जुंपलाच तर चार दिवस तास वाकडे पडणार हे धरून चालतो, बैलाला बडवीत बसत नाही. माणसाची तुलना बैलाशी केल्याबद्दल रागवू नका. बैलाला मिळते तेवढे तरी माणसाला मिळावे एवढेच माझे मागणे आहे.

ते मिळत नाही. अलाबामा विद्यापीठाच्या संघात ॲलेक्स लेदरवुड हा डावा टॅकल होता. २०२० चा आउटलंड पुरस्कार त्याने मिळवला. २०२१ मध्ये लास व्हेगासच्या रेडर्सनी त्याला पहिल्याच फेरीत, १७ व्या क्रमांकावर निवडले आणि उभे केले उजवीकडे. चार सामने झाले, जमेना. मग एक जागा आत सरकवले. ऑगस्ट २०२२ मध्ये नारळ दिला. सगळा दोष बाजूचाच होता असे मी म्हणणार नाही; पण डाव्या जागेवरची त्याची परीक्षा घेतलीच कोणी? मायकेल ओअरचे तर काय सांगावे! डाव्या टॅकलचे माहात्म्य सांगणारा एक चित्रपट २००९ मध्ये त्याच्या आयुष्यावर निघाला, आणि त्याच वर्षापासून बाल्टिमोरने त्याला उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे असे फिरवले.

यावर दोन नावे माझ्या तोंडावर फेकण्यात येतील. डेट्रॉइटचा पेने स्यूएल आणि टॅम्पा बेचा ट्रिस्टन वर्फ्स. स्यूएल डावीकडून उजवीकडे गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये चार वर्षांचे ११ कोटी २० लाख डॉलर घेऊन बसला. वर्फ्स २०२३ मध्ये उजवीकडून डावीकडे गेला आणि पुढच्या वर्षी त्याला पाच वर्षांचे १४ कोटींवर डॉलर मिळाले. उत्तम! माझ्याही आनंदाची गोष्ट आहे. पण स्यूएलला २०२१ च्या एकाच मोसमात, वय वीस-एकवीस असताना, आधी उजवीकडे, सहकारी जखमी झाला म्हणून डावीकडे, तो परतल्यावर पुन्हा उजवीकडे उभे केले होते, आणि तो सुरुवातीला अडखळला तेव्हा याच मंडळींनी निवड चुकली की काय अशी कुजबुज केली होती. उजव्या जागेवर देशातला सर्वोत्तम ठरलेल्या वर्फ्सनेसुद्धा बदलाच्या धास्तीने आपण किती खचलो होतो हे पुढे स्वतःच सांगितले. दोन असामान्य माणसे नदी पोहून गेली, म्हणून पूल नको म्हणायचे?

कोणी जायबंदी झाला तर दुसऱ्याने सरकावे लागते, हे मला कळते. पण मग त्या सामन्यांचे माप त्याच्या पदरात टाकू नका, आणि सवड द्या. बाजू कायमची बदलायची तर आधी त्याला विचारा. ऑर्लँडो ब्राउन धाकटा याला बाल्टिमोरने उजवीकडे ठेवले होते. २०२० मध्ये डावा टॅकल जखमी झाला तेव्हा तो डावीकडे खेळला, चांगला खेळला. त्याचा बाप जन्मभर उजवा टॅकल. मुलाने डावीकडे खेळावे ही त्याची इच्छा, आणि तो २०११ मध्ये वारलेला. मुलगा म्हणाला, मी आता इथेच खेळेन. नाहीतर मला दुसरीकडे जाऊ द्या. त्याला हट्टी म्हणणारे, संघापेक्षा स्वतःला मोठा समजतो म्हणणारे निघाले. एप्रिल २०२१ मध्ये तो कॅन्सस सिटीकडे गेला. फेब्रुवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात समोर फिलाडेल्फिया होती; त्या मोसमात तिने प्रतिस्पर्ध्यांच्या क्वार्टरबॅकला ७० वेळा लोळवले होते. ब्राउन डावीकडे उभा होता. त्या दिवशी कॅन्सस सिटीच्या क्वार्टरबॅकला फिलाडेल्फियाला एकदाही लोळवता आले नाही.