दंडाच्या पलीकडे : सार्वजनिक थुंकण्याविषयीची बदलती दृष्टी

नवी दिल्ली : सार्वजनिक ठिकाणी थुंकणे ही भारतात दीर्घकाळ केवळ एक वाईट सवय मानली गेली. कोरोना साथीने ती इतरांच्या जिवावर बेतू शकणारी कृती असल्याची जाणीव करून दिली. १५ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने टाळेबंदीच्या मार्गदर्शक सूचनांत ती दंडनीय ठरवली. महाराष्ट्राने मे महिन्यात पहिल्या गुन्ह्यासाठी १,००० रुपये दंड आणि एक दिवसाची सार्वजनिक सेवा जाहीर केली. मात्र साथ ओसरताच हा धाकही ओसरला.

याचे एक कारण व्यसनात आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करत होते. तंबाखू तोंडात धरली की लाळ सुटते आणि ती कुठेतरी टाकावीच लागते. पूर्वी घरात पानाच्या तबकाजवळ पिकदाणी असे. घराबाहेर तिची जागा जिन्याच्या कोपऱ्यांनी घेतली. कोलकात्यात हावडा पुलाच्या पोलादी आधारांचे पाया पानाच्या पिंकांमुळे गंजू लागल्याने ते फायबरच्या आवरणाने झाकावे लागले.

तरीही ही सवय अटळ नाही. दिल्ली मेट्रोच्या २००२ च्या कायद्यात आणि रेल्वेच्या २०१२ च्या स्वच्छताविषयक नियमांत थुंकण्यासाठी कमाल दंड ५०० रुपये असाच होता. दंड समान असूनही मेट्रोच्या फलाटावर स्वतःला आवरणारा प्रवासी रेल्वेच्या पुलावर बेफिकीर होतो. सतत होणारी साफसफाई, कॅमेऱ्यांची नजर आणि सहप्रवाशांची नापसंती यांमुळे हा फरक पडतो. इमारतींच्या जिन्यांत देवतांच्या चित्रांच्या फरश्या बसवण्याची पद्धतही हेच दाखवते : थुंकणाऱ्याला संयम जमतो, फक्त जागा आदरणीय वाटावी लागते.

पुणे महापालिकेने २०१८ मध्ये थुंकणाऱ्यांना दंडासोबत ती जागाही स्वतः पुसायला लावली. या शिक्षेने आजवर दुर्लक्षित राहिलेला एक प्रश्न पुढे आणला. रंगलेली भिंत रोज कोणीतरी धुतो आणि तो बहुधा तुटपुंज्या वेतनावरचा सफाई कामगार असतो. थुंकण्याची चर्चा शहराच्या सौंदर्यापुरती किंवा रोगभयापुरती राहिली, तर बदल साथीपुरताच टिकेल. दुसऱ्या माणसाच्या श्रमाचा तो अपमान आहे, ही भावना रुजली तरच तो पुढे टिकू शकेल.